इमल्शनमधले टायटॅनियम कमी करताना: हवा कुठे ठेवायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा धागा लागेल. सिंधुदुर्गात तुमचा इमल्शन पेंटचा छोटा कारखाना आहे. घराच्या आतल्या भिंतींसाठीच्या पांढऱ्या रंगात हजार किलोंच्या बॅचला १६० किलो रुटाइल टायटॅनियम (टायटॅनियम डायऑक्साइड, रंगाला पांढरेपणा देणारी महाग भुकटी) जायचे. त्याच्या जोडीला २०० किलो व्हायटिंग (चुनखडीची भुकटी), ६० किलो साधी चायना क्ले (पांढरी माती) आणि ५० टक्के सॉलिडचे, म्हणजे निम्मे कोरडे पॉलिमर असलेले, १७० किलो स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक इमल्शन. टायटॅनियमचा भाव परवडेना, म्हणून ते १२० वर आणले आणि कमी केलेल्या ४० किलोंच्या जागी ४० किलो व्हायटिंग घातले. डबा उघडला की रंग पूर्वीइतकाच पांढरा दिसतो. पण पेंटर म्हणतो, ‘‘हो रंग झाकणा नाय.’’ दोन हातांत होणारे काम तीन हातांवर गेले. टायटॅनियम पुन्हा न वाढवता झाक, म्हणजे मागची भिंत लपवण्याची ताकद, परत आणता येईल का, हा तुमचा प्रश्न.

येईल. १२० वर राहूनच येईल. त्याखाली, समजा ८० वर, हीच झाक मिळवून देतो असे कोणी सांगत आले, तर त्याला श्रावणात मालवणला नेऊन एक खोली रंगवून दाखवायला सांगा. कारण पुढे येईलच.

आधी एक जुनी गोष्ट. आमच्या लहानपणी गणपतीच्या आधी घराला चुना मारायचे. शिंपल्या भाजून केलेला चुना, पिंपात भिजवलेला, आणि मारायला काथ्याचा नाहीतर केतकीच्या मुळीचा कुंचला. ओला असताना त्याच्यातून मागचा धुराचा काळा डाग स्वच्छ दिसायचा. नवखा माणूस घाबरून लगेच दुसरा हात मारायला जायचा आणि आजी ओरडायची, ‘‘सुकू दे आधी!’’ दुपारपर्यंत भिंत डोळे दिपतील इतकी पांढरी. त्या चुन्यात टायटॅनियमचा कणही नव्हता. मग भिंत झाकली कोणी? हवेने. चुन्याच्या कणांमधले पाणी उडाले आणि त्या जागी हवा शिरली.

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या अपवर्तनांकात जितका फरक, तितका तो जास्त उलटतो. रुटाइलचा अंक सुमारे २.७, वाळलेल्या बाइंडरचा (कण धरून ठेवणारे इमल्शनमधले पॉलिमर) १.५, व्हायटिंगचा १.६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. सरळ पडलेल्या प्रकाशाचा हिशेब केला तर रुटाइल आणि बाइंडर यांच्या सीमेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. व्हायटिंग आणि बाइंडर यांच्या सीमेवरून जेमतेम ०.१ टक्का. म्हणजे पोत्यात पांढरेशुभ्र दिसणारे व्हायटिंग बाइंडरमध्ये बुडाले की जवळजवळ नाहीसे होते. पोत्यात ते पांढरे दिसते ते दोन कणांमधल्या हवेमुळे. आता बाइंडर आणि हवा: ४ टक्के. रुटाइलच्या निम्मे, आणि हवेला भाव नाही. लाटेचा फेस पांढरा दिसतो तोही याच कारणाने. पाण्याला रंग नाही, हवेलाही नाही, दोघांची सीमा पांढरी.

तेव्हा टायटॅनियम कमी करायचे म्हणजे त्याच्या जागी भुकटी भरायची नाही, हवा भरायची. फक्त ती कुठे आणि कशी कोंडायची, यावर सगळे ठरते, आणि कोकणात तर फारच.

पण आधी तुमच्या जुन्या १६० किलोंकडे बघू, कारण ते सगळे कामाला लागतच नव्हते. रंगाचा हिशेब वजनात करू नका, आकारमानात करा. रुटाइलची घनता ४.१, व्हायटिंगची २.७, क्लेची २.६ आणि इमल्शनमधल्या कोरड्या पॉलिमरची १.१ धरा. १६० किलो टायटॅनियम म्हणजे ३९ लिटर, व्हायटिंग ७४, क्ले २३. पिगमेंट (सगळ्या भुकट्या मिळून) एकूण १३६ लिटर, बाइंडर ७७. वाळलेल्या थरात पिगमेंटचा वाटा, म्हणजे पीव्हीसी (पाइपवाले नव्हे), ६४ टक्के झाला. त्यातले एकटे टायटॅनियम १८ टक्के.

टायटॅनियमचा एक कण स्वतःच्या आकारापेक्षा बराच मोठा प्रकाश अडवतो. पावसात छत्री उघडून उभ्या असलेल्या माणसासारखे समजा. माणूस हातभर जागा घेतो, छत्री चार हात झाकते. दहा माणसे सुटी सुटी उभी असतील तर बरेच अंगण झाकले जाते. तीच पालखीसोबत दाटीने चालू लागली की छत्रीवर छत्री चढते आणि निम्म्या छत्र्या फुकट जातात. टायटॅनियमचा वाटा १८ ते २० टक्क्यांकडे गेला की नेमके हेच होते. किलो वाढतात, झाक त्या मानाने वाढत नाही. म्हणजे तुमची काटकसर मुळात चुकीची नव्हती. १६० मधले काही किलो तसेही दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे होते.

चुकले ते पुढे. तुम्ही घातलेले व्हायटिंग जाडे आहे. स्थानिक बाजारात मिळणारे बहुतेक व्हायटिंग १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, आणि टायटॅनियमचा कण पाव मायक्रॉनचा. पडवीत मोठमोठी पिंपे आणून ठेवली तर माणसांना उभे राहायला उरलेली जागाच मिळणार. जाड्या कणाच्या आत टायटॅनियम शिरू शकत नाही. ते मधल्या फटींत कोंबले जाते आणि पुन्हा छत्रीवर छत्री. म्हणजे टायटॅनियम कमी केले आणि उरलेल्याची दाटीही वाढवली. तेच व्हायटिंग १ ते २ मायक्रॉनचे असते तर कण टायटॅनियमच्या मधेमधे नीट बसले असते. बारीक कण टायटॅनियमच्या दोन कणांमध्ये मोजून अंतर ठेवतात, असे विकणारे सांगतात. तितके शिस्तीचे काही नसते. गुठळीला जागा मिळत नाही, एवढाच त्यांचा उपयोग आणि तेवढा पुरे.

आता हवा. ती रंगात आणण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली फुकटची: बाइंडर कमी करा. एका मर्यादेनंतर सगळे कण ओले करायला बाइंडर पुरत नाही, फटी राहतात आणि त्यात हवा शिरते. या मर्यादेला क्रिटिकल पीव्हीसी म्हणतात. चुन्याचे तत्त्व हेच, त्यात बाइंडर जवळपास नसतोच. झाक झटकन वाढते आणि बाकी सगळे झटकन पडते. भिंत पुसता येत नाही, चहाचा डाग आत शिरतो, हात लावला की पांढरी भुकटी लागते.

दुसरी वाट कॅल्साइन्ड क्ले. चायना क्ले हजार अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि पापुद्र्यांमध्ये बारीक पोकळ्या राहतात. बाइंडर त्यांत सहजी शिरत नाही. ती मिळते, परवडते आणि झाक देते. पण तेल पिते फार, म्हणजे भिजायला बाइंडर जास्त मागते; व्हायटिंगच्या तिप्पट धरा. म्हणून जास्त घातली की क्रिटिकल मर्यादाच खाली येते आणि न कळत आपण पहिल्या वाटेवर जातो. तुमच्या ६० किलो साध्या, न भाजलेल्या क्लेचा झाकेला फारसा उपयोग नाही. ती काढून टाका.

तिसरी वाट ओपेक पॉलिमर. डाऊ कंपनीचे रोपेक हे त्यातले सर्वांत परिचित नाव, मूळ रोहम अँड हासचे. स्टायरीन-अ‍ॅक्रिलिकचे पोकळ गोळे, व्यास अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. डब्यात असताना गोळ्याच्या पोटात पाणी असते. रंग वाळताना ते कवचातून बाहेर पडते आणि मागे हवा राहते. कवच टणक असते, म्हणून ही हवा कायमची कोंडलेली.

या तिन्ही हवांमधला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर घरातले खोबरेल तेल घ्या. काळ्या कार्डावर रंग ओढा, नीट वाळला की त्यावर एक थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा. खालचे काळे कार्ड डागातून डोकावू लागले तर तुमची झाक उघड्या हवेची होती. तेल फटींत शिरले, हवा निघाली, झाक गेली. कोंडलेल्या हवेच्या रंगावर डाग पडतो, पण कार्ड तसे उघडे पडत नाही.

हा खेळ मी मुद्दाम सांगतो, कारण तेलाच्या जागी कोकणात चार महिने पाणी असते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याची ओल धरणारी भिंत, हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात. उघड्या हवेवर झाकलेला रंग जून आला की जागोजाग मळकट, काळसर दिसू लागतो आणि गिऱ्हाईक म्हणते, रंग उडाला. रंग उडालेला नसतो, फटींत पाणी भरलेले असते. डिसेंबरात तीच भिंत पुन्हा पांढरी दिसते. मधल्या काळात त्या फटींत बुरशीने घर केलेले असते, ते मात्र सुकून जात नाही. पुण्यात चालणारे फॉर्म्युले आपल्याकडे चालत नाहीत ते यामुळे.

आता तुमच्यासाठी माझी मांडणी. टायटॅनियम १२० किलो. कॅल्साइन्ड क्ले ९०. बारीक, २ मायक्रॉनचे व्हायटिंग १३०. ओपेक पॉलिमर, ३० टक्के सॉलिडचे, ४० किलो. इमल्शन तेच १७०. लिटरमध्ये: टायटॅनियम २९, क्ले ३५, व्हायटिंग ४८, आणि ओपेक पॉलिमरचे पोकळीसकट कोरडे आकारमान सुमारे २०. एकूण १३२, म्हणजे पीव्हीसी ६३ टक्के, जवळजवळ पूर्वीइतकाच. टायटॅनियमचा वाटा १४ टक्के, म्हणजे दाटी मोडली. ओपेक पॉलिमरची झाक आकारमानाने टायटॅनियमच्या साधारण चौथ्या हिश्श्याची धरतात. त्या हिशेबाने २० लिटर म्हणजे ५ लिटर, म्हणजे २० किलो टायटॅनियम. उरलेले २० किलो कॅल्साइन्ड क्ले आणि मोडलेली दाटी यांनी भरून काढायचे आहेत. हा कागदावरचा अंदाज. पाच किलोंची बॅच करून कार्डावर ओढल्याशिवाय यावर पोतीभर माल मागवू नका.

ओपेक पॉलिमर पाण्यासकट येते, म्हणून फॉर्म्युल्यातले १५ लिटर पाणी कमी करा. मग लिटर पूर्वीइतकेच राहतील, पण हजार किलोंची बॅच ९४५ किलोंची होईल. याचा एक भलताच परिणाम: बादली हलकी लागते. आपल्याकडे दुकानदार बादली उचलून रंग पारखतो, जड ती चांगली. विकायला जाणाऱ्या माणसाला आधी समजावून ठेवा. आणि खर्चाचा हिशेब लिटरवर करा. आपण किलोत विकत घेतो आणि लिटरमध्ये विकतो, यातच निम्मे घोळ होतात.

घासण्याची चाचणी नक्की करा. कॅल्साइन्ड क्लेमुळे थर थोडा उघडा होईल. चाचणी पडली तर १५-२० किलो इमल्शन वाढवा आणि त्याबदल्यात झाक किंचित कमी होईल ती सोसा. क्ले आणखी वाढवून झाक ओढून आणायचा मोह होतो. तो आवरा.

बनवतानाची पथ्ये. ओपेक पॉलिमर कधीही ग्राइंडमध्ये (भुकट्या पाण्यात जोराने घोटण्याच्या टप्प्यात) घालू नका. शेवटी, इमल्शन गेल्यावर, मंद गतीवर. कोअलेसिंग एजंट (इमल्शनचे कण मऊ करून एकसंध थर करणारा द्रव) त्याच्या अंगावर थेट ओतू नका. आधी इमल्शनमध्ये नीट मुरू द्या, नाहीतर कवच मऊ होऊन गोळा बसतो आणि पैसे पाण्यात.

टायटॅनियम फोडण्याकडे, म्हणजे त्याच्या गुठळ्या सोडवून कण सुटे करण्याकडे, मात्र जितके लक्ष द्याल तितके थोडे. झाक गेली अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचे टायटॅनियम कमी नसते, फुटलेले नसते. डिस्पर्सरच्या (घोटण्याच्या यंत्राच्या) पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या वर हवा. ३० सेंटिमीटरचे पाते मिनिटाला १४०० फेरे फिरले तर २२ मीटर होतात. मोटरवर १४०० लिहिले आहे म्हणून पात्यावर तेवढे मिळतात असे नाही, पट्टा सैल असतो. ग्राइंड दाट ठेवा. पातळ पाण्यात पाते नुसते पोहते. पावसाळ्यात टायटॅनियमची पोती फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. ओल लागलेले पोते दगडासारखे होते आणि त्यातले खडे डिस्पर्सर पूर्ण फोडत नाही.

पाण्याबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. खाडीकाठच्या एका कारखान्यात दर वर्षी एप्रिल-मेमध्ये झाक पडायची आणि जुलैत आपोआप सुधारायची. मालक दर उन्हाळ्यात टायटॅनियमचा पुरवठादार बदलायचा. मी गेलो तेव्हा मीही दोन दिवस टायटॅनियमच तपासत बसलो, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी चहा खारट लागला. बोअरवेलचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत होते. कॅल्शियम, मॅग्नेशियम वाढले की पॉलिअ‍ॅक्रिलेट जातीचा डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारे रसायन) निकामी होतो आणि फुटलेले टायटॅनियम पुन्हा गुठळ्या धरते. गुठळी झाली की दहा कण मिळून एका जाड्या कणाचे काम करतात. चार महिने शुद्ध केलेले पाणी वापरायला लागले आणि तक्रार मिटली. तुमच्या पाण्याचा मे महिन्यातला अहवाल काढून ठेवा.

डिस्पर्संट किती, हे पुस्तकावरून ठरवू नका. तुमच्याच पिगमेंटच्या मिश्रणात थेंबाथेंबाने वाढवत जा आणि दाटपणा सगळ्यात कमी जिथे होतो त्याच्या किंचित पुढे थांबा. कॅल्साइन्ड क्लेमुळे तो आकडा आधीपेक्षा वाढेल. रंग दाट करायला फक्त सेल्युलोज वापरत असाल तर त्यातला काही भाग असोसिएटिव्ह थिकनरने (बाइंडरच्या कणांना धरून दाटपणा आणणारे रसायन) बदलून पाहा. ब्रशच्या रेघा कमी होतात, आणि रेघेच्या खोलगट भागात रंगाचा थर पातळ असतो, झाक तिथूनच फुटते.

आता तुमचा पेंटर. तो ओल्यावर बघून निकाल देतो. ओपेक पॉलिमर आणि क्ले यांची झाक वाळल्यावर उघडते, चुन्यासारखीच. मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात दिसेल, श्रावणात दोन-तीन तास लागतील. आणि आपला निम्मा धंदा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यातला, मुंबईचे चाकरमानी यायच्या आत घर उजळायचे म्हणून घाईघाईत, बाहेर पाऊस कोसळत असताना. रंग ओला, मागचा डाग दिसतोय, पेंटर तिसरा हात मारतो आणि तुमच्या नावाने बोटे मोडतो. टायटॅनियम ८० वर नेऊ नका म्हणालो ते यासाठी. ओल्यावर झाकायचे काम फक्त टायटॅनियमच करते. पाव हिस्सा काढला तर पेंटर कुरकुरतो, निम्मे काढले तर डबा परत येतो. ‘पहिला हात वाळल्यावर बघा’ एवढे डब्यावर मोठ्या अक्षरांत छापा, आणि जमल्यास नाक्यावरच्या चार पेंटरांना बोलावून एकदा प्रत्यक्ष दाखवा.

त्याच पेंटरच्या पाण्याच्या डब्यावरही नजर ठेवा. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १०० मायक्रॉनचा होतो. तुम्ही सांगितलेले पाणी आणि त्याने घातलेले पाणी यात दुपटीचा फरक असेल तर कुठलाही फॉर्म्युला झाकणार नाही.

कारखान्यात मोजताना काळ्या-पांढऱ्या कार्डावर ठरावीक फटीच्या पट्टीने जुना आणि नवा रंग शेजारी शेजारी ओढा. वाळल्यावर काळ्यावरची उजळी भागिले पांढऱ्यावरची उजळी. ०.९८ आले की डोळ्याला पूर्ण झाक दिसते. कार्ड २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत २४ तास वाळवा. पावसाळ्यात बाहेरच्या टेबलावर वाळवलेल्या कार्डाने ओपेक पॉलिमरवर उगाच ठपका येतो. दुसरे कार्ड मात्र मुद्दाम दमट जागी वाळवा, कारण गिऱ्हाइकाची भिंत तशी असते.

एक सोपी युक्ती बरेच जण वापरतात: चिमूटभर काळा नाहीतर निळा पेस्ट. आजी चुन्यात नीळ घालायची तेच. थोडा प्रकाश शोषला गेला की झाकेचा आकडा वाढतो आणि पिवळेपणा लपतो. निळ्याचा थेंब चालेल. काळा मात्र हजार किलोंत काही ग्रॅमही जास्त झाला की रंग मळका दिसतो, शेजारी दुसऱ्याचा पांढरा असला की लगेच कळतो.

बाहेरच्या भिंतीसाठी यातले फारसे वापरू नका. तिथे क्रिटिकल मर्यादेच्या बरेच खाली राहा, ४० ते ४५ टक्के पीव्हीसी, आणि हवा फक्त कोंडलेली, म्हणजे ओपेक पॉलिमरची. व्हायटिंग शक्य तितके कमी, कारण पावसाचे पाणी ते हळूहळू विरघळवते आणि गडद रंगाच्या भिंतीवर पांढरा दव पडल्यासारखा थर आणते. स्वस्त म्हणून अ‍ॅनाटेस जातीचे टायटॅनियम कोणी देऊ केले तर बाहेरच्या रंगाला अजिबात घेऊ नका. उन्हात ते भोवतालचा बाइंडर खाते आणि दोन पावसाळ्यांत भिंत खडूसारखी होते.

गंमत अशी की रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू पायाला लागते त्यात इल्मेनाइट आहे, टायटॅनियमचेच खनिज. ते वेगळे काढून पांढरे करण्याचे काम आपल्या देशात मुख्यतः केरळात चालते, आणि आपण कोकणातले लोक काळ्या वाळूवर उभे राहून पांढरी पोती बाहेरून मागवतो.

शेवटचे, तुम्ही विचारले नाही पण अडचण हमखास येणार म्हणून. याच पांढऱ्या बेसमध्ये दुकानातले टिंटिंग मशीन रंग घालत असेल, तर टायटॅनियम कमी केल्यावर त्याच थेंबांनी छटा गडद येईल. शिवाय ओली आणि वाळलेली छटा यांतला फरक वाढेल. नवा बेस दुकानात पाठवण्याआधी सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा-बारा छटा पुन्हा जुळवून घ्या, आणि जुन्या बेसच्या बादल्या दुकानातून संपेपर्यंत नव्याला वेगळा बॅच कोड द्या. एकाच हॉलच्या दोन भिंतींना दोन बेस लागले, तर कुठलेही कार्ड दाखवून त्या गिऱ्हाइकाची समजूत घालता येणार नाही.